अहंकार सोडताना दोन साक्षीदार हजर ठेवावेत

अहंकार सोडण्याचा निश्चय आपण केला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण हा निश्चय सामान्य माणसाला सुचत नाही, आणि आपण सामान्य नाही हे एकदा मनाशी पक्के झाले की पुढचा मार्ग पुष्कळ सोपा होतो. मात्र हे काम घरच्या घरी, देवघरात किंवा गच्चीवर उरकून घेण्याचा मोह टाळावा. घरच्या माणसांनी आपल्याला फार वर्षे पाहिलेले असते. आपण डोळे मिटून ताठ बसलो की त्यांना समाधी दिसत नाही, सिलिंडरसाठी फोन करायचा राहिला आहे तेवढे दिसते; आणि घरात जुन्या पिढीतले कोणी असेल तर ते 'काय ध्यान आहे!' असे म्हणून मोकळे होते. मराठीत ध्यान या शब्दाचे हे दोन अर्थ एकाच छपराखाली का नांदतात, याचा अनुभव ज्याने घेतला त्याने उशीर न करता गोव्याची वाट धरावी.

गोव्यातही जागा पारखून घ्यावी. फोंड्यात किंवा डिचोलीत मोक्ष मिळत नाही असे नाही, पण तेथे त्याला बरीच वर्षे लागतात आणि खिडकीतून समुद्र दिसत नाही. तेव्हा पेडणे तालुक्याचा किनारा गाठावा, म्हणजे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. मोपचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून मुंबई-दिल्लीकडचा अहंकार थेट याच तालुक्यात उतरतो आणि पुढचे अंतर टॅक्सीने कापतो. टॅक्सीचे भाडे ऐकल्यावर जो पहिला संताप येतो, तेथेच साधनेला प्रारंभ झाला असे समजावे. बरीचशी मंडळी त्यापुढे फार जातही नाहीत.

येथे आल्यावर कोणी ना कोणी आपल्याला सांगेल, की गोव्याचे बुद्धाशी जुने नाते आहे. ते खरे आहे. कोलवाळजवळच्या मुशीर येथे इतिहास-संशोधक फादर हेरास यांना बुद्धाची मूर्ती सापडली आणि ती मुंबईला, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेत गेली. म्हणजे गोव्यात होता तो बुद्ध मुंबईला पोहोचला, आणि मुंबईत आहेत ते बुद्ध होण्यासाठी गोव्यात येतात. या देवाणघेवाणीत फायदा कोणाचा झाला, ते किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना विचारावे.

दुसरी एक माहिती मात्र आपल्याला सहसा कोणी देणार नाही आणि आपणही ती उकरून काढू नये. हरमलला लागून असलेले पालये हे अठराव्या शतकातले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या घराण्याचे गाव. बांद्याला कुलकर्णीपण सांभाळणारे हे गृहस्थ सावंतवाडीच्या वाटेवर इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसले असताना कोणी सिद्ध पुरुष 'आम्हांला काही देणार की नाही?' असे विचारत पुढे आला, यांनी हातातले गरे दिले आणि तेथेच त्यांना उपदेश झाला, असे परंपरा सांगते. या साऱ्या व्यवहारात नावनोंदणी नाही, आगाऊ रक्कम नाही, प्रमाणपत्र नाही आणि दोन खोल्यांपैकी वातानुकूलित कोणती हा प्रश्नही नाही. पुढे उत्तरेत महादजी शिंद्यांसारख्या माणसाला 'आम्हांला तुमची गरज नाही' असे सुनावून ते चालते झाले, असेही सांगतात. असल्या माणसाचे अनुकरण केल्यास प्रायोजक मिळणे कठीण. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे; आपली टॅक्सी त्या पाटीपुढून गेलीच, तर तेवढा वेळ मोबाइलमध्ये पाहत राहावे.

याच कारणासाठी निसर्गदत्त महाराजांचाही आदर्श फार जवळ ठेवू नये. त्यांचे बालपण मालवणच्या कांदळगावात गेले, उमेदीची वर्षे मुंबईत बिडीच्या दुकानात गेली, आणि 1981 साली देह ठेवीपर्यंत ते खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर येईल त्याच्याशी मराठीत बोलत राहिले. परदेशांतून माणसे तो अरुंद जिना चढून येत असत. पण पोटमाळ्याचे छायाचित्र चांगले येत नाही, आणि आत्मज्ञान झाल्यावर जर पुन्हा बिड्याच विकायच्या असतील, तर ते झाल्याचे शेजाऱ्यांना कळावे तरी कसे?

पोशाखाबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. तो पांढरा, सैल आणि चुरगळलेला असावा, आणि त्या चुरगळलेपणासाठी जास्तीचे पैसे मोजलेले असावेत.

भाषेकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पहिल्या आठवड्यातच 'मी' हा शब्द बोलण्यातून काढून टाकावा आणि त्या जागी 'हा देह' असे म्हणण्याची सवय करावी. 'या देहाला तांदळाचे पोळे चालत नाहीत', 'या देहाला समुद्राकडची खोली हवी होती', असे चारचौघांत स्पष्टपणे सांगितले की मागणी तीच राहते आणि मागणारा कोणी उरत नाही. येथे मराठी माणसाची थोडी अडचण होते. जी गोष्ट शिबिरात इंग्रजीतून वीस दिवस घासून शिकवतात, ती मराठीच्या व्याकरणात आधीपासून पडून आहे. मराठीत आपल्याला राग येतो, भूक लागते, झोप येते, कंटाळा येतो, कोणाची तरी आठवण होते. करणारा कोणी नाही, येणारे येते आणि जाते, आणि आपण 'मला' होऊन वाक्याच्या कोपऱ्यात निमूट बसलेले असतो. पण हे शहाणपण आपल्याला बालवाडीत फुकट मिळाल्यामुळे ते मिळाल्याचा आनंद होत नाही. म्हणून शिबिरात रागावायचे ते इंग्रजीतच रागवावे, आणि मग त्या रागाकडे इंग्रजीतूनच अलिप्तपणे पाहावे.

पतंजलींनी पाच क्लेश सांगितले आणि त्यांत अविद्येच्या लगोलग अस्मितेला बसवले. अस्मिता म्हणजे मीपणा. तो क्षीण व्हावा म्हणून हा सारा खटाटोप. मधल्या काळात या शब्दाची आपल्याकडे इतकी बढती झाली, की आता अस्मिता दुखावते, जागी होते, तिच्यासाठी मोर्चे निघतात. गोव्यात तर महाराष्ट्रात विलीन न होण्याच्या 1967 च्या जनमत कौलाची आठवण म्हणून दरवर्षी 16 जानेवारीला अस्मिताय दिस पाळतात. आम्हां गोव्यातल्या मराठीवाल्यांच्या घरी त्या दिवशी अस्मिता आणि क्लेश हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, हा भाग वेगळा. बाहेरून येणाऱ्या साधकाने या वादात न पडता, आपली अस्मिता विमानतळावर सामानाबरोबर आली आहे ना, तेवढे पाहावे.

आता प्रत्यक्ष ध्यानाविषयी. मांद्र्याला एका मांडवात, माडांखाली, पंचवीस-तीस माणसांत मी काही दिवस पहाटे बसत असे. शिक्षक सांगत, की कानावर येणारा प्रत्येक आवाज नुसता येऊ द्यावा आणि जाऊ द्यावा. चांगला नाही, वाईट नाही, नुसता आवाज. लाटांच्या बाबतीत हे सगळ्यांना छान जमले. कोकीळही पार पडली. मग साडेसहाच्या सुमारास रस्त्यावरून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, पों-पों, पों-पों, गोव्यातल्या कोणत्याही वाड्यावर वाजतो तसाच, आणि पंचवीस-तीस चित्तांचा एकाच वेळी पाव झाला. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी पोदेराला फाटकाबाहेर गाठून, आत शांततेचे काम चालले आहे तेव्हा येथे भोंगा वाजवू नये, असे नम्रपणे सांगितले. तेव्हापासून तो त्या कुंपणापाशी आला की सायकलवरून उतरतो, निळ्या प्लॅस्टिकखालची टोपली एका हाताने सावरतो, चाकाखाली खडा वाजू नये म्हणून खाली बघत एकेक पाऊल टाकतो आणि कुंपण संपले की चढून जोरात भोंगा वाजवतो. त्या सकाळी त्या आवारात चालण्याचे ध्यान एकट्यानेच केले, आणि तोही कुंपणाबाहेर होता.

पोदेर हाच खरा योगी, असे म्हणून टाकण्याचा मोह या ठिकाणी होतो. अशा लेखांत एखादा भोळा, हसतमुख, गरजा कमी असलेला स्थानिक मनुष्य आणण्याची पद्धतच आहे. तो मोह आवरावा. या पोदेराचा सख्ख्या भावाशी घराच्या इन्व्हेंटरीवरून, म्हणजे वाटणीवरून, कोर्टात वाद चालू आहे, आणि त्या विषयावर त्याला बोलते केले असता त्याच्या श्वासाची गती पाहण्यासारखी असते. अहंकार हा काही मोपला उतरून येणाऱ्यांचाच मक्ता नव्हे. आमच्या देवळांतून पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, यावरून महाजनांची अशी जुंपते की उत्सवाची पत्रिका छापायची थांबते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व सर्वांत आधी आणि अदंभित्व लगेच त्याच्या मागे का ठेवले असावे, ते अशा एका बैठकीला बसले की कळते. आमच्याकडे मान मिळाला नाही म्हणून माणसे रुसतात. किनाऱ्यावर, आपण मान सोडल्याची दखल कोणी घेतली नाही म्हणून.

शिकून झाले की शिकवावे. त्यासाठी 200 तासांचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम किनाऱ्यावर ठिकठिकाणी मिळतो. साधारण एक महिन्यात माणूस विद्यार्थ्याचा गुरू होतो. तितक्या अवधीत गोव्यात घराच्या उताऱ्यावरचे नाव बदलून मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आतला 'मी' बदलणे किती सोपे आहे ते ध्यानात येईल.

काही नास्तिक वृत्तीचे लोक या ठिकाणी एका संशोधनाकडे बोट दाखवतील. 2018 साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. योगाच्या 93 विद्यार्थ्यांना 15 आठवडे आणि ध्यान करणाऱ्या 162 जणांना 4 आठवडे वेळोवेळी प्रश्न विचारले, तेव्हा असे आढळले की योग किंवा ध्यान नुकतेच केलेले असताना माणसे आपण इतरांपेक्षा बरे असल्याचे कमी नव्हे, तर अधिकच मानत होती. आता यात धक्का बसण्यासारखे काय आहे? तासभर न हलता बसून दाखवल्यावर शेजारी खाजवणाऱ्या माणसाबद्दल जे वाटते, ते जर्मनीतल्या प्राध्यापकांनी मोजून दाखवले, एवढेच. हे वाचून 'इतरांचे असेल, माझ्या बाबतीत तसे होत नाही' असे ज्यांना वाटले, त्यांनी हा परिच्छेद परत एकदा वाचावा.

माझा स्वतःचा अनुभव येथे नम्रपणे नोंदवतो. 'नम्रपणे' हा शब्द मी तीनदा खोडून चौथ्यांदा ठेवला आहे. सत्यनारायण गोयंका यांनी 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन शिकवायला घेतलेल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला मी गेलो होतो. केंद्र कोठले ते सांगत नाही, कारण दोष केंद्राचा नव्हता, लिंबाचा होता. या शिबिरांना शुल्क नसते, पहाटे चारला घंटा होते आणि आर्य मौन पाळायचे असते. बोलणे तर नाहीच, खाणाखुणा आणि नजरेला नजर देणेही नाही. संध्याकाळी पाच वाजता नव्या साधकांना चहा, कुरमुरे आणि फळ मिळते. जुन्या, म्हणजे आधी एखादे शिबिर केलेल्या, साधकांना दुपारी बारानंतर अन्न वर्ज्य असल्यामुळे फक्त लिंबू-पाणी मिळते. नियमामागचा हेतू निर्मळ आहे, याविषयी मला शंका नाही. पण पहिल्याच संध्याकाळी माझ्या ताटलीतले कुरमुरे त्या शांततेत असे काही वाजले, की सबंध भोजनगृहाला मी नवा आहे हे कळले. समोरच्या रांगेतले गृहस्थ पेला दोन्ही हातांत धरून, डोळे अर्धे मिटून, लिंबू-पाण्याचा एकेक घोट घेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. नियमाप्रमाणे पाहायचेच नव्हते, तरीही ते ज्या तऱ्हेने पाहत नव्हते, ते मला झोंबले. चौथ्या दिवसापर्यंत मी कुरमुरे तोंडात भिजवून गिळायला शिकलो. सहाव्या दिवशी चहा सोडला. सातव्या दिवशी श्वासाकडे लक्ष असताना मनात आपोआप एक वाक्य तयार झाले, आणि पुढचे तीन दिवस मी ते घोटून ठेवले.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटले. दहा दिवस अडवून धरलेले चाळीस माणसांचे बोलणे अंगणात एकदम फुटले, आणि त्या गलक्यात मला ऐकू आलेला पहिला प्रश्न म्हणजे 'आपले हे कितवे?' लिंबू-पाणीवाले गृहस्थ एकाला आपले सातवे असल्याचे सांगत होते आणि सांगताना मान खाली घालत होते. माझ्याकडे वळून त्यांनी तेच विचारले. मी तीन दिवस घोटलेले उत्तर, आवाज शक्य तितका खाली आणून, दिले : "छे, माझे आपले पहिलेच. पण आत काही फरक जाणवला नाही, बहुधा पूर्वीपासूनच तसे असावे."

त्यांचा चेहरा किंचित पडलेला मी अलिप्तपणे पाहिला.

दुसऱ्या शिबिराचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. आपणही पहिल्यानंतर फार थांबू नये. लिंबू-पाणी फारसे थंड नसते, एवढे मात्र आता मी अधिकाराने सांगू शकतो.