अणू आठवीत आला तर काय बिघडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि नीट विचार करून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सहावी-सातवीच्या मुलांकडून अणूची वर्तुळं काढून घेऊ नका, पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या संज्ञा घोकून घेऊ नका. तो वेळ वजनं करण्यात, वायू पकडण्यात आणि पदार्थ फोडण्या-जोडण्यात घालवा, अणू आठवीत येऊ द्या, असं मी लिहिलं होतं. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या तुम्हाला हे मुलांचे लाड वाटतात.

तुमचे आक्षेप असे. सगळं विज्ञान नष्ट होऊन एकच वाक्य वाचवता आलं तर ते ‘सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत’ हे असावं, असं भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन म्हणतो, आणि मी नेमकं तेच वाक्य मुलांपासून दोन वर्षं लपवते. सोडा-व्हिनेगर खेळून कुणी अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन होत नाही. माणसाला जे कळायला दोन हजार वर्षं लागली ते सरळ सांगून टाकावं. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं आणि प्रयोगशाळेला कुलूप असताना प्रयोग कुठून आणायचे? आणि शेवटी शिष्यवृत्ती, एनएमएमएस (केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा), होमी भाभा या परीक्षांचं काय?

परीक्षांचं आधी संपवते. आपल्याकडच्या राज्य शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, विज्ञान नसतंच. एनएमएमएसमध्ये विज्ञान आहे, पण ती परीक्षा आठवीत होते आणि बालभारतीच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हा धडा आठवीतच आहे. म्हणजे मी अभ्यासक्रमाच्या मागे नाही, फक्त त्याच्या पुढे पळायला नकार देते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीत असते हे खरं. पण तिच्या पुढच्या टप्प्यात प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि तिथे अडतात ती पाठांतरवाली मुलंच. सहावीत इलेक्ट्रॉनची कवचं शिकवायची घाई क्लासवाल्यांची आहे. ती आपण का अंगावर घ्यायची?

आता डाल्टनचं. मुलांनी अणू स्वतः शोधावा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. अणू शिक्षकानेच सांगायचा, खडूफळ्यावरच सांगायचा. वाद आहे तो कधी सांगायचा याचा. आणि इथे तुमचाच इतिहास माझ्या बाजूने बोलतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात ३३ नावं होती आणि त्यासाठी त्याला अणूची गरज पडली नव्हती. त्याची कसोटी साधी होती: आपल्या हाती असलेल्या कुठल्याही उपायाने जे आणखी फोडता येत नाही, ते तूर्त मूलद्रव्य. त्या यादीत प्रकाश होता, उष्णता होती आणि चुनाही होता. पुढे १८०८ साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने चुन्यातून कॅल्शियम वेगळं केलं आणि चुना यादीतून गेला. बारा वर्षांच्या मुलाला ही कसोटी पुरेपूर समजते, कारण ती करून बघण्याची आहे. ‘एकाच प्रकारच्या अणूंनी बनलेला पदार्थ म्हणजे मूलद्रव्य’ ही व्याख्या जास्त अचूक आहे, मान्य. पण ती वापरून सातवीतल्या मुलाला समोरची एकही वस्तू ओळखता येत नाही. अणू काही त्याला मोजता येत नाहीत.

डाल्टनचं पुस्तकही १८०८चंच. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं त्याने धरलं होतं, आणि हा गोंधळ मिटायला १८६०ची कार्ल्सरूहची रसायनशास्त्रज्ञांची परिषद यावी लागली. ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ तर १९०९च्या सुमारापर्यंत अणू मानायलाच तयार नव्हता. हे सांगण्यामागे मुलांनाही शंभर वर्षं रखडवावं असा माझा हेतू नाही. मूलद्रव्य, संयुग, वस्तुमान घटत-वाढत नाही हा नियम हे सगळं अणूशिवाय उभं राहतं, आणि अणू येतो तो त्याच पायावर, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाया नसताना अणू आला तर काय होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण माझा मूळ मुद्दा तोच आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याला उत्तर नाही. मुलं अणूला वस्तूचा बारीक तुकडा समजतात. तांब्याचा अणू लालसर, सोन्याचा पिवळा, मेणाचा कण मऊ. तापवल्यावर वस्तू फुगते कारण अणू फुगतात. पाण्याच्या कणांमध्ये काय असतं? पाणी, किंवा हवा. हे फक्त आपल्याच वर्गांत होतं असं नाही. इस्रायलमध्ये बेन-झ्वी, आयलॉन आणि सिल्बरस्टाइन यांनी १९८६ साली दहावीच्या मुलांना तांब्याची तार आणि तिच्यातला एक सुटा अणू यांच्या गुणधर्मांबद्दल विचारलं होतं. जवळपास निम्म्या मुलांनी तारेचे गुण अणूला चिकटवले. ही रसायनशास्त्र शिकलेली मुलं होती.

त्याहून बोलकं उदाहरण उकळत्या पाण्याचं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी मुलांना विचारलं, या बुडबुड्यांत काय आहे? ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असं बऱ्याच मुलांनी सांगितलं. हे उत्तर लहान मूल आपल्या मनाने कधीच देणार नाही. त्यासाठी पाण्याचं रेणुसूत्र आधी शिकावं लागतं. म्हणजे सूत्र आलं, पण उकळताना पाणी पाणीच राहतं हे आलं नाही. तुमच्या ओळखीच्या एखाद्या नववीतल्या हुशार मुलाला विचारून बघा. मी विचारते, आणि दरवेळी कुणीतरी आत्मविश्वासाने हेच सांगतं.

जाता जाता: त्याच लेखाखाली आणखी एकांनी ‘कणादांनी हे आधीच सांगितलं होतं’ असं लिहिलंय. कणादांच्या परंपरेतल्या, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांचा विचार सूक्ष्म होता यात शंका नाही. दोन परमाणूंपासून द्व्यणुक, मग तीन द्व्यणुकांपासून त्र्यणुक, आणि कवडशात दिसणारा धूलिकण म्हणजे त्र्यणुक, ही मांडणी वर्गात सांगण्यासारखी आहे आणि मी सांगते. पण त्यांच्या पृथ्वीच्या परमाणूला स्वतःचा गंध असतो. तांब्याचा अणू लाल म्हणणारी आपली मुलं या बाबतीत डाल्टनपेक्षा कणादांच्या जवळ आहेत. मोठमोठ्यांना जी वाट सहज वाटली तीच मुलांनाही वाटते. म्हणूनच ‘अणू म्हणजे सर्वात लहान कण’ या एका वाक्याने ती वाट बदलत नाही.

मग काय बदलतं? माझ्या अनुभवात, वायूला वजन असतं हे एकदा काट्यावर बघणं. प्रयोगशाळेचं कुलूप न उघडता हे करता येतं. एक लिटरची शीतपेयाची प्लास्टिकची बाटली घ्या (काचेची कधीही नको). तळाशी अर्धी वाटी व्हिनेगर. टिश्यू पेपरच्या पुडीत दोन ग्रॅम खायचा सोडा बांधून ती पुडी दोऱ्याने गळ्याशी लटकवा आणि झाकण घट्ट लावा. वजन लिहा. मग बाटली आडवी करून हलवा. फसफसतं, बाटली कडक होते. पुन्हा वजन करा. आता झाकण उघडा, फुस्स होऊ द्या आणि तिसऱ्यांदा वजन करा. पहिली दोन वजनं सारखी येतात, तिसरं अर्ध्या ग्रॅमहून थोडं अधिक कमी भरतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा इथे कामाचा नाही, पण दागिने तोलायचा खिशातला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो आणि तो एकच साठ मुलांना पुरतो, कारण वजनं फळ्यावर लिहायची असतात. सोडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका.

हवेला वजन असतं हे दाखवायला बरेच शिक्षक काठीला दोन फुगे बांधतात. ते बाद करा. फुग्याभोवतीची हवा त्याला जवळजवळ तितकंच वर उचलते, उरतो तो फक्त दाबून भरलेल्या हवेचा किरकोळ फरक, आणि काठी मनात येईल तिकडे झुकते. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. तो आधीच गोल असतो, पंप मारला तरी आकार फारसा वाढत नाही. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, पाच लिटरच्या फुटबॉलमध्ये नेहमीच्या दाबाइतकीच हवा आणखी कोंबली तर सहा ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी, आणि दिसते. इथे मात्र स्वयंपाकघरातला काटाही चालतो.

आणि मोरचूद (कॉपर सल्फेट). आमच्या नाशिककडच्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद आणि चुना घरोघरी येतो. निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडला की थोड्या वेळात त्यावर तांबूस थर चढतो. मुलांना एवढंच विचारायचं, तांबं आलं कुठून? खिळ्यात नव्हतं. मग त्या निळ्या खड्यात होतं, तर ते लाल का नव्हतं? इथे वर्ग खरोखर अडतो. मिसळलं होतं म्हणावं तर चुंबकाने लोखंडाचा कीस वेगळा करावा तसं ते उचलता येत नाही. संयुगाचा अर्थ या अडण्यात आहे. हात साबणाने धुवायला लावा, मोरचूद विषारी आहे.

साधनं नाहीत म्हणता तेव्हा होशंगाबाद आठवतं. मध्य प्रदेशातला तो विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं सरकारी शाळांत प्रयोगांवरच चालला, तोही साध्या किटवर. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची जोडणी त्याच वातावरणातली. आठवीत रेणूंची मॉडेल्स करायला मी आजही तीच वापरते. प्लास्टिकचे रंगीत चेंडू नकोत, त्यांनी पुन्हा अणूला रंग चिकटतो. तरी तासाच्या वेळेची अडचण खरी आहे. माझा उपाय एवढाच की प्रयोग कमी करायचे आणि एकेका प्रयोगाला दोन तास द्यायचे. त्यासाठी वीस संज्ञांचं पाठांतर सोडलं की वेळ सापडतो.

फाइनमन ते वाक्य १९६१ साली कॅलटेकच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर बोलला होता. त्यांच्याकडे शाळेचं विज्ञान होतं. आणि वाक्य सांगून तो थांबला नाही. लगेच पाणी, वाफ, बर्फ, बाष्पीभवन या ओळखीच्या गोष्टी त्या वाक्याने कशा उलगडतात ते दाखवत गेला. उलगडायला ओळखीचं काही असावं लागतं. मुलांच्या हाती ते सातवीत द्यायचं, हाच माझा आग्रह.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मग आठवीत नेमकं सांगणार काय?’ पहिल्या तासाला वर्तुळं नाहीत. मोरचुदाचाच खडा पुन्हा टेबलावर येतो. १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम तांबं आणि ३६ ग्रॅम पाणी असतं, खडा नाशिकचा असो की नागपूरचा, हे सांगते. मिश्रणात प्रमाण आपल्या मर्जीचं असतं, चहात साखर हवी तेवढी. मग इथे ते का हलत नाही? मुलांना पाच मिनिटं आपापसांत भांडू देते. त्यानंतर डाल्टनचं उत्तर सांगते, त्याच्या नावासकट आणि पाण्याबद्दलच्या त्याच्या चुकीसकट. सुटा अणू लालही नसतो आणि मऊही नसतो, हे त्याच तासाला फळ्यावर लिहून घेते. केंद्रक आणि इलेक्ट्रॉन पुढच्या आठवड्यात.