अमेरिकेत मॉल मेले म्हणे, आता आपला नंबर?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी तो व्हिडिओ फिरतोच. ओसाड अमेरिकन मॉल, छताच्या काचा फुटलेल्या, बंद सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांवर बर्फ साचलेलं आणि खाली कॅप्शन, "ॲमेझॉनने अमेरिकेतले मॉल खाल्ले, आता आपला नंबर". मग भांडण ठरलेलं. वाकडवाले म्हणणार, अरे इकडे पुण्यात मिलेनियम मॉलमध्ये रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, कसला नंबर, आणि दुसरी पार्टी म्हणणार थांबा, मिनिटांत सामान घरी पोचवणारे ब्लिंकिट-झेप्टो सगळ्यांना झोपवणार.

तो बर्फवाला मॉल बहुतेक वेळा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा रोलिंग एकर्स असतो, आम्ही राहतो त्या क्लीव्हलंडहून गाडीने पाऊण-एक तास. तो १९७५ ला सुरू झाला, २००८ ला बंद. आता त्याच जागेवर ॲमेझॉनचं गोदाम आहे. आमच्या बाजूच्या रँडल पार्क मॉलचीही तीच गत, १९७६ ला उघडला तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉलमध्ये गणला जायचा, २००९ ला बंद पडला, पाडला आणि २०१८ पासून तिथेही ॲमेझॉन. म्हणजे तारखा बघा ना, मॉल आधी मेले, ॲमेझॉन नंतर येऊन सातबारा घेऊन गेलं!

मारलं कोणी, तर मुळात बांधलेच अति. १९५४ च्या टॅक्स कायद्यात नव्या बिल्डिंगवर भरभर घसारा (म्हणजे झिजेचा कागदोपत्री खर्च, त्याने टॅक्स वाचतो) दाखवता यायला लागला, बिल्डर लोकांनी हायवेच्या कडेकडेने मॉल ठोकत नेले, आणि इथे क्लीव्हलंडची लोकसंख्या मात्र १९७० नंतर घटतच गेली. त्यात मॉलचं एक अजब गणित असतं, सिअर्ससारखं मोठं दुकान हा आधारखांब, तो गेला की छोट्या दुकानदारांच्या करारातच बऱ्याचदा लिहिलेलं असतं की आता आम्ही भाडं कमी देणार किंवा निघून जाणार. सिअर्सचं दिवाळं २०१८ चं, पण दुकानं त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होत होती. आणि क्लीव्हलंडच्याच बीचवुड उपनगरातला मॉल आजही चालू आहेच की, कारण आसपास पैसेवाली वस्ती आहे.

आपल्याकडे मॉल पडत नाहीत असं नाही हं. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या अहवालात २०२३ साली ८ मोठ्या शहरांत मिळून ६४ 'घोस्ट' मॉल होते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे. पण दुखणं वेगळं. बिल्डरने एकेक गाळा सुटा विकून टाकला, मालक पन्नास, कुठलं दुकान कुठे हवं हे ठरवणारा कोणी नाही, कपड्यांच्या शेजारी मोबाईल रिपेअर, एसी बंद आणि टॉयलेटला कुलूप. यात ॲपचा काय दोष?

खरा फरक मला इथे जाणवतो. इथे अमेरिकेत मॉल गेला की पाठीमागे काही उरतच नाही, थंडीत म्हातारी माणसं सकाळी दुकानं उघडायच्या आत मॉलमध्ये चालायला जातात, कारण बाहेर फुटपाथवर बर्फ आणि मुळात फुटपाथच नाही. पुण्यात एखादा मॉल बंद पडला तर लोक तुळशीबागेत जातील, लक्ष्मी रोडला जातील, कोपऱ्यावर वाणी आहेच.

आता वाण्याचं म्हणाल तर तिथे मात्र मी झेप्टोवाल्या पार्टीच्या बाजूने. २०१२ ला दुकानदारीतल्या एफडीआयवरून (थेट परदेशी गुंतवणुकीवरून) केवढा गदारोळ झाला, वॉलमार्ट येणार आणि किराणा दुकानं बुडणार म्हणून, आणि २०१८ ला त्याच वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतली तेव्हा व्यापारी संघटना सोडल्या तर कोणाला फारसं काही वाटलं नाही. आता फ्लिपकार्टही काही मिनिटांत सामान घरी पोचवतेय. मॉलने वाण्याचं दूध-ब्रेड-कोथिंबीर कधीच नेलं नव्हतं, हे लोक नेमकं तेच नेतायत. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडा की.