बहात्तर टक्के खोट्या म्हणे! कुणी मोजल्या?

‘ज्यांना मुलगा आहे त्या प्रत्येक आईने वाचावे आणि दहा जणांना पाठवावे’ असा, बायकांच्या बलात्काराच्या तक्रारी बहुतेक खोट्याच असतात म्हणणारा एक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. त्यात कुठल्या नटाचं, नेत्याचं, बुवाचं नाव नाही, त्यामुळं कुणाही मोठ्या माणसावर अत्याचाराचा आरोप झाला की तोच काढून चिकटवता येतो, सोय बघा. या वेळी जुळे सोलापुरातल्या मावशीनं घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझी आई, जिची अख्खी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, ती मला म्हणते, "खरंय की रे, बहात्तर टक्के केसेस खोट्या असतात, सरकारचाच आकडा आहे." गणिताच्या बाई ओ! म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

तर आधी तो बहात्तरच घेऊ. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, 2019 च्या अहवालात बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण 27.8 टक्के आहे. कुणीतरी शहाण्यानं ते शंभरातून वजा केलं आणि जे उरलं त्याला ‘खोट्या’ असं नाव ठेवलं. झालं संशोधन. अरे, आरोपी सुटला याचा अर्थ गुन्हा कोर्टात सिद्ध झाला नाही एवढाच. साक्षीदार फितूर झाला, पंचनाम्यात घोळ झाला, मेडिकल उशिरा झालं, तारखा खाऊन खाऊन बाईच थकली, कशानंही सुटतो. आणि हो, तक्रार खोटी असली तरी सुटतो, पण यातलं कुठलं किती हे त्या 27.8 मध्ये लिहिलेलंच नाही. आपल्याकडं खुनाच्या खटल्यांतसुद्धा अर्ध्याहून जास्त वेळा शिक्षा होत नाही. मग काय, मेलेली माणसं उठून घरी जेवायला गेली का? पोलिसांनी तपास करून ‘खोटी’ म्हणून बंद केलेल्या केसेसचा रकाना त्याच अहवालात वेगळा असतोय, पण तो उघडून बघायचे कष्ट कोण घेणार.

दुसरा मुद्दा, ‘खरं असतं तर त्याच दिवशी बोलली असती, वीस वर्षांनी कशी जाग आली?’ याला एकच केस पुरे आहे. पत्रकार प्रिया रामाणींनी 2018 मध्ये लैंगिक छळाच्या आरोपात एम. जे. अकबरांचं नाव घेतलं, प्रसंग 1993 चा, ते संपादक असतानाचा, मुंबईतल्या हॉटेलातला नोकरीचा इंटरव्ह्यू. आरोप झाला तेव्हा अकबर केंद्रात राज्यमंत्री. त्यांनी आरोप नाकारले आणि उलट हिच्यावरच बदनामीचा फौजदारी दावा ठोकला, म्हणजे आरोपी ही! 17 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या कोर्टानं रामाणींना निर्दोष सोडलं आणि स्पष्ट म्हटलं की बाई आपली तक्रार कितीही दशकांनी, कुठंही मांडू शकते. अकबरांनी अपील केलंय, तेही सांगून ठेवतो. पण कोर्टानं नुसतं ‘बाई आहे म्हणून खरं’ असं नाही केलं. त्याच रात्री तिनं जिला सांगितलं होतं ती मैत्रीण साक्षीला आली, अकबरांच्या हाताखाली काम केलेल्या दुसऱ्या एका पत्रकार बाईनं आपला अनुभव सांगितला, दोघींची उलटतपासणी झाली. उशिरा आलेल्या गोष्टीचा पुरावा असा असतो. सीसीटीव्ही कुठून आणणार 1993 चा?

आणि दिल्ली कशाला, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या बायकांना विचारा. हजार बिड्या वळून नेल्या की चांगल्या किती आणि छाट किती हे समोरचा माणूस ठरवतो, मजुरी त्याच्यावर. त्या माणसानं हात धरला तर बाई त्याच दिवशी चौकीत जाईल का आधी आठवड्याच्या किराण्याचा विचार करेल?

‘साक्षीदार नाही, नुसता तिचा शब्द’ हे तर कायद्यातच टिकत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 134, नव्या साक्ष अधिनियमात 139: कुठलीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. एक भरवशाचा असला तरी चालतो. पुढं जाऊ.

‘एवढं समाजकार्य करणारा माणूस असं करेल का?’ गुरमीत राम रहीमच्या डेऱ्याचे रक्तदानाचे विक्रम होते. 2002 मध्ये डेऱ्यातल्या बलात्कारांची तक्रार करणारं एक निनावी पत्र पंतप्रधान वाजपेयींना गेलं, ज्या संपादकानं ते छापलं त्याला गोळ्या घातल्या, आणि शिक्षा झाली 2017 ला, वीस वर्षं. शेवटपर्यंत कोर्टात दोघीच उभ्या राहिल्या. रक्त कुणी किती दिलं त्याचा इथं संबंध काय?

आता एक मान्य करावं लागतंय. खोटे आरोप होतात, आणि फार वाईट होतात. इंग्लंडात कार्ल बीच नावाच्या माणसानं माजी पंतप्रधानापासून फील्ड मार्शलपर्यंत सगळ्यांवर लहान मुलांच्या अत्याचाराचे आरोप केले, पोलिसांनी तपास पुरा व्हायच्या आतच ‘विश्वसनीय आणि खरे’ म्हणून जाहीर केलं, म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर धाडी घातल्या. नंतर दुसऱ्या पोलीस दलानं त्याचं बोलणं तपासलं, सगळं कोसळलं, 2019 ला त्यालाच अठरा वर्षं पडली. पण तो उघडा पडला तो तपासामुळं, ‘असले आरोप खोटेच असतात’ या फॉरवर्डमुळं नाही. आणि आपल्याकडं ललितपूरचा जो माणूस बलात्काराच्या आरोपाखाली वीस वर्षं आत राहून 2021 ला हायकोर्टातून निर्दोष सुटला, तो गरीब होता. मोठ्या माणसांसाठी गळा काढणाऱ्या या फॉरवर्डमध्ये त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात भारी: ‘कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी काही बोलू नये.’ बरोबर आहे, त्याला गुन्हेगार म्हणू नका, मीही म्हणत नाही. पण फॉरवर्डमध्ये वरच्याच ओळीत तक्रार करणाऱ्या बाईला ‘पैशासाठी काहीही करणारी’ म्हटलंय, तो निकाल कुठल्या कोर्टाचा? आणि खाली कुणीतरी तिचा फोटोसुद्धा जोडलाय. बलात्काराच्या तक्रारीत बाईची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मावशीला हे सांगितलं तर म्हणते, "मी कुठं काढलाय फोटो, मी नुसता पुढं ढकलला." तिच्याकडनं डिलीट करायची वेळ टळून गेलीय, पण ग्रुपचा अ‍ॅडमिन मामा आहे, त्याला काढता येतो. मामा, दोनदा मेसेज टाकलाय, बघ जरा.