घरांनाच का सांगायचं?

नमस्कार,

घरातली वीज वाचवण्याविषयीच्या माझ्या लेखनावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर उत्तर देते. तुमचे आक्षेप मला असे समजले: वीज खरी लागते ती कारखान्यांना, मग घरातल्या माणसाच्याच मागे का लागायचं? शिवाय कितीही सांगितलं तरी लोकांच्या सवयी बदलत नाहीत, तेव्हा असं लेखन म्हणजे नुसता उपदेश.

उद्योगांवर कडक बंधनं हवीत, यात आपलं दुमत नाही. पण जगभरातल्या वापरापैकी साधारण पाव वीज घरांमध्ये जाते. त्यातही संध्याकाळी सगळी घरं एकदम जागी होतात, आणि तेवढ्या काही तासांची मागणी भागवण्यासाठी जादा वीजकेंद्रं सज्ज ठेवावी लागतात. कोळशावरच्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, बाकीची वाया जाते. म्हणजे घरात एक युनिट वाचलं की तिकडे तीन युनिटांइतकी उष्णता देणारा कोळसा जळायचा राहतो. ही बचत किरकोळ आहे असं मला वाटत नाही.

उपदेशाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नुसत्या उपदेशाने फारसं काही होत नाही, हे मलाही पटतं. पण लोक बदलत नाहीत त्याचं कारण आळस किंवा बेफिकिरी आहे असं मी मानत नाही. वीज दिसत नाही, हे खरं कारण आहे. नळ गळत असला की कळतं. वीज कुठे गळतेय ते महिन्याच्या शेवटी एका आकड्यात कळतं, आणि तो आकडाही सगळ्या घराचा मिळून. २०१० साली अमेरिकेत शेकडो लोकांना विचारलं होतं, की ऊर्जा वाचवायचा सगळ्यात परिणामकारक उपाय कोणता? सर्वाधिक लोकांनी दिवे बंद करणं असं उत्तर दिलं. आता हिशोब बघा. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १११ तास घेतो. २००० वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो. दिव्यांवरून मुलांना रागावणाऱ्या घरात गीझर तासभर चालू राहतो, तेव्हा दोष त्या माणसांचा नसतो. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं!

आणि सांगण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथल्या सुमारे तीनशे घरांना त्यांचा वापर आणि आसपासच्या घरांची सरासरी कळवली गेली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीच कमी वापरणाऱ्यांचा वाढला! मात्र ज्यांच्या कागदावर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला होता, त्या काटकसरी घरांचा वापर वाढला नाही. एवढ्याशा शाबासकीने. म्हणून मी दटावण्यापेक्षा दाखवण्याच्या आणि कौतुक करण्याच्या बाजूची आहे.

सवयी बदलत नाहीत म्हणता, तर अलास्कातल्या जुनो शहराचं उदाहरण देते. एप्रिल २००८ मध्ये हिमस्खलनाने त्यांची जलविद्युत वाहिनी तुटली, डिझेलवर वीज करावी लागली आणि दर एकदम कित्येक पट चढले. काही आठवड्यांत शहराचा वापर सुमारे पाव हिश्शाने उतरला. गरजेपोटी झालं, हे खरंच. पण वाहिनी दुरुस्त होऊन दर खाली आल्यावरही बचतीचा काही भाग टिकून राहिला. एकदा कळलं की कुठे काय जळतं, तर ते माणूस विसरत नाही, असं मला त्यातून दिसतं.

ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्याला बचत शिकवायला मी जाणार नाही. तिथे तुमचा राग रास्त आहे. माझं बोलणं एसी, गीझर आणि दिवसरात्र प्लगमध्ये असणाऱ्या यंत्रांच्या घरांशी आहे. १० वॉटचा सेट-टॉप बॉक्स कुणी बघत नसतानाही चालू राहिला, तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिटं खातो.

तुमचं घर यातलं असेल तर एक विनंती. पंखा-एसी लागत नाही अशा एखाद्या रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्याबरोबर मीटरचा आकडा लिहून ठेवा. त्या फरकातून फ्रीजचा अंदाजे वाटा वजा करा. जे उरेल, ते कशाचं आहे हे शोधून मला कळवाल का?