भूतान चांगला देश आहे, पण फॉरवर्डमधला भूतान कुठेच नाही

माझी भाची नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने 'भूतान : सुखी माणसांचा देश' असं भाषण लिहिलं आणि 'मामा, एकदा बघ ना' म्हणून मला पाठवलं. दुसऱ्याच ओळीला ओळखीचा वास आला. सगळ्या ग्रुपांवर फिरणारा तो फॉरवर्ड पोरीने जसाच्या तसा उतरवून काढला होता. ज्यांच्याकडे तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : युनोने भूतानला जगातला सर्वांत सुखी देश जाहीर केलंय; तिथे शंभर टक्के बौद्ध, एक धर्म, एक भाषा; सगळे शाकाहारी; लष्कर नाही; गरीब नाही, बेकार नाही; १९९० साली त्यांनी उपऱ्या घुसखोरांना एका रात्रीत हाकललं, तेव्हापासून शांतता आहे; भारतीयांना फुकट प्रवेश. आणि शेवटी ठरलेली ओळ, भारताने यातून काही शिकावं.

मोठ्यांनी एकमेकांना काय पाठवायचं ते पाठवावं. पण पोरं ते पाठ करून व्यासपीठावर म्हणणार असतील तर गप्प बसणं जमत नाही.

युनोचं आधी उरकतो. असं काही जाहीर झालेलं नाही. २०११ साली भूतानच्या पुढाकाराने आमसभेने विकास मोजताना लोकांच्या सुखाचाही विचार व्हावा असा ठराव केला आणि पुढच्या वर्षी २० मार्च हा आनंद दिन ठरला, इतकंच. देशांची जी सुखाची क्रमवारी दरवर्षी पेपरात येते तीत २०१९ साली भूतान ९५वा होता. (आपण १४०वे, तेव्हा हसू नका.) 'सकल राष्ट्रीय आनंद', म्हणजे देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर नाही तर लोकांच्या सुखावर मोजायची, ही कल्पना मात्र खरी आहे, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांची, सत्तरच्या दशकातली. तिचं रीतसर सर्वेक्षण होतं, नऊ क्षेत्रं आणि तेहतीस निर्देशक धरून. सगळेच सुखी असते तर सरकारने माणसं पाठवून हे मोजत बसायची गरज काय होती?

शंभर टक्के बौद्ध? साधारण तीन चतुर्थांश. उरलेल्यांत बहुसंख्य हिंदू, मुख्यतः दक्षिणेकडच्या साम्त्से, सारपांग, त्सिरांग या जिल्ह्यांत. दसऱ्याला तिथे सरकारी सुट्टी असते. २००८ च्या राज्यघटनेनुसार राजा हा सर्व धर्मांचा रक्षक आहे. भाषा दीड डझनाहून जास्त. पूर्वेकडचा माणूस घरात झोंगखा ही राष्ट्रभाषा नाही, त्सांगला बोलतो.

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा फॉरवर्ड बहुधा लिहिलाच गेला. घुसखोर.

ज्यांना हाकललं ते ल्होत्शाम्पा, म्हणजे दक्षिण भूतानातले नेपाळीभाषक शेतकरी. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे जंगल तोडून शेती करत होते. १९५८ च्या कायद्याने भूताननेच त्यांना नागरिकत्व दिलं होतं. मग १९८५ साली नवा कायदा आला आणि १९८८ साली दक्षिणेत जनगणना सुरू झाली. अट काय, तर ३१ डिसेंबर १९५८ पूर्वीपासून तुम्ही इथले आहात हे सिद्ध करा. अधिकारी नेमकी १९५८ ची शेतसाऱ्याची पावती मागत. ५७ ची दाखवली तरी चालेना, ५९ ची तर नाहीच. तुमच्या आजोबांची त्या एका वर्षाची पावती आज घरात सापडते का बघा, आणि मग 'घुसखोर' हा शब्द पुढे पाठवा. लोकांना एफ-१ (अस्सल भूतानी) ते एफ-७ (परके) अशा सात वर्गांत टाकलं. एकाच घरात नवरा एका वर्गात, बायको दुसऱ्या.

१९८९ साली सगळ्यांना घो आणि किरा हा उत्तरेकडच्यांचा पोशाख सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी गेली. १९९० मध्ये निदर्शनं, धरपकड, आणि 'स्वखुशीने देश सोडतो' अशा कागदांवर सह्या. एका रात्रीत वगैरे काही नाही, हे वर्षानुवर्षं चाललं. आपल्याच आसाम-बंगालमधून पुढे ढकलली जाऊन ही माणसं नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पोचली. संख्या लाखाच्या वर गेली. २०१७ च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या ७,२७,१४५ होती, त्यावरून अंदाज करा.

कुणी म्हणेल, हे सगळं एका बाजूचं. मग भूतानचे अधिकारी ज्यात होते तीच तपासणी घ्या. २००१ साली नेपाळ आणि भूतानच्या संयुक्त पथकाने खुदुनाबारी छावणीत माणूस न् माणूस तपासला आणि २००३ मध्ये निकाल दिला. बारा हजारांवर लोकांपैकी 'भूतानी नाहीत' असे निघाले सुमारे २४ टक्के. सत्तर टक्के लोकांबद्दल पथक म्हणालं, हे भूतानीच, पण स्वखुशीने निघून गेलेले! म्हणजे ते परके नव्हते, हे भूतानच्याच सहीने ठरलं. तरी त्यांना कुणी परत घेतलं नाही. अखेर २००७-०८ पासून १,१३,००० हून जास्त लोक आठ देशांत वसवले गेले, बहुतेक अमेरिकेत. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यातल्याच काहींना भूतानला परत धाडलं, तर भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर सोडून दिलं. यातून भारताने नेमकं काय शिकायचं?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. नेपाळीभाषक वाढले तर देश हातचा जाईल ही भूतानच्या राज्यकर्त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. १९७५ साली शेजारचं, नेपाळीभाषक बहुसंख्य असलेलं सिक्कीम भारतात विलीन झालं होतं, ऐंशीच्या दशकात दार्जिलिंगमध्ये गोरखालँडचं आंदोलन पेटलं होतं. एवढासा देश घाबरला असेल. पण घाबरलात म्हणून शेतकऱ्याकडून एकाच वर्षाची पावती मागायची?

आणि 'तेव्हापासून शांतता' म्हणाल तर, त्याच दक्षिणेच्या जंगलांत पुढे आसामातल्या उल्फा आणि बोडो अतिरेक्यांचे तळ बसले. डिसेंबर २००३ मध्ये ते उखडून काढले कुणी? भूतानच्या लष्कराने. तेच, जे फॉरवर्डनुसार अस्तित्वात नाही. हे लष्कर आपल्या कल्याण निधीसाठी दारूही गाळतं, पण ते भाषणात नको.

बाकीचं पटापट. शाकाहारी नाहीत, डुकराचं फाक्शा पा आणि वाळवलेलं याकचं मांस आवडीने खातात. जनावर मारणं टाळतात, पवित्र महिन्यांत मांसविक्री बंद असते हे खरं, म्हणून बरंचसं मांस भारतातून जातं. दहावीपर्यंत शिक्षण आणि प्राथमिक आरोग्यसेवा मोफत, हे राज्यघटनेतच आहे. देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, हेही. पण बेकार नाहीत म्हणाल तर २०२२ साली तरुणांमधली बेकारी २८.६ टक्के होती आणि शिकलेली पोरं रांगा लावून ऑस्ट्रेलियाला चालली आहेत.

राहिला फुकट प्रवेश. व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. भारतीयांना माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये भरावे लागतात, हॉटेल वेगळं. आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, नाहीतर सीमेवरच्या फुंतशोलिंगच्या दारातून आपल्या बाजूच्या जयगावला परत.