गरम पाण्याने विसळलेलं बेडपॅन

हॉस्पिटलांवरचा एक लेख वाचला. त्यात आयसीयू, विमा, डॉक्टरांचे राउंड सगळं आलं, वॉर्डातल्या मावश्या तेवढ्या राहून गेल्या. म्हणून हे लिहितोय.

वय ७९. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरलो, खुब्याचं हाड मोडलं, ११ दिवस पुण्यात ॲडमिट. ऑपरेशनचं फारसं आठवत नाही. आठवतात त्या रात्रपाळीच्या मावशी. स्टीलचं बेडपॅन आधी गरम पाण्याने विसळून, पुसून मग द्यायच्या. "गार लागतं ना बाबा," एवढंच म्हणायच्या. पहाटे तीनला तो थंडगार पत्रा ज्याच्या अंगाला लागलाय त्यालाच हे कळेल!

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची असते. केरळची सिस्टर हात लावण्याआधी "आजोबा, वळू या?" असं तिच्या मराठीत विचारायची. आणि हो, कवळी! पहिल्याच दिवशी ती उष्ट्या ताटाबरोबर गेली (घरचे अजून हसतात). वॉर्डबॉयने शोधून आणली, डबीत ठेवली, वर चिकटपट्टी लावून बेड नंबर लिहिला.

घरी निघालो तेव्हा मावशींची सुट्टी होती. परवा मुलगी चकल्या देऊन आली. मावशींनी आधी विचारलं म्हणे, "बाबा काठी घेऊन चालतात का?"