‘गाड्या तयार असतात, मुद्दाम थांबवून ठेवतात’: या फॉरवर्डचं काय करायचं?

इलेक्ट्रिक गाडी बुक करून चौथा महिना लागला की एक मेसेज हमखास येतो. पाठवणारा बहुधा मेव्हणा असतो, आणि आपण गाडी बुक केल्याचं त्याला कुणीतरी नुकतंच सांगितलेलं असतं. मला तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, म्हणून एकदाच नीट उत्तर लिहून टाकतो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. एक, टंचाई खोटी आहे, गाड्या यार्डात तयार उभ्या असतात आणि मागणी फुगवायला कंपन्या मुद्दाम वेटिंग दाखवतात. दोन, इलेक्ट्रिक गाडीत असतं काय, एक मोटर आणि एक बॅटरी; मग बनवायला महिने कशाला? तीन, उभी राहून राहून बॅटरी मरते आणि आपल्या हातात अर्धमेली गाडी पडते. चार, तुमच्या बुकिंगच्या पैशांवर कंपन्या बिनव्याजी धंदा करतात. पाच, गाडी येईपर्यंत सॉलिड स्टेट बॅटरी (आत द्रावणाऐवजी घन पदार्थ असलेली) येईल, किमतीही पडतील, म्हणून आत्ता बुकच करू नका. शेवटी अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. तो कोणता ते पुढे येईलच.

आधी यार्डातल्या गाड्या. सोबत जो फोटो फिरतो, मैदानभर ओळीने उभ्या गाड्यांचा, तसे फोटो खरे असतात. पण अशा फोटोंतले बरेच चीनमधल्या हांगचौसारख्या शहरांजवळचे आहेत, आणि त्या गाड्या विक्रीला थांबवलेल्या नव्हत्या. भाड्याने गाड्या फिरवणाऱ्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या वापरलेल्या गाड्या तशाच पडून राहिल्या. कुणाच्या बुकिंगशी त्यांचा संबंध नाही.

तरीही नव्याकोऱ्या गाड्या यार्डात खोळंबतात, हेही खरंच. २०२२च्या जूनअखेर जनरल मोटर्सच्या सुमारे ९५ हजार गाड्या अशाच उभ्या होत्या. कारण काय, तर त्यात काही भाग, मुख्यतः चिप, बसायचे राहिले होते. त्याच वर्षी फोर्डच्या काही गाड्या पुढचा निळा लंबगोल बिल्ला मिळाला नाही म्हणून अडकल्याच्या बातम्या आल्या. इंजिन नाही, चाक नाही, बिल्ला! या पेट्रोलवरच्या गाड्याही होत्या, म्हणजे हे दुखणं एकट्या इलेक्ट्रिकचं नाही. गाडी ९९ टक्के तयार असणं आणि ती ग्राहकाला देता येणं यात एका तुकड्याचं अंतर असतं. बाहेरून फोटो काढणाऱ्याला तो तुकडा दिसत नाही.

आणि मुद्दाम थांबवून कंपनीला मिळणार काय? पोलाद, बॅटरीचे सेल, मजुरी यांचे पैसे देऊन झालेले असतात. गाडी हवाली होईपर्यंत उरलेली रक्कम हातात येत नाही आणि विक्री हिशेबात धरता येत नाही. तयार माल यार्डात ठेवणं म्हणजे आलेलं पीक शेतात कुजू देणं. उलट टेस्लाची वर्षानुवर्षांची सवय बघा: तिमाही संपत आली की शेवटच्या दोन आठवड्यांत डिलिव्हऱ्यांची नुसती झुंबड. ज्याला माल अडवायचा आहे तो असा धावत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला एका गोष्टीने चकवा दिला असावा. एकाच मॉडेलची एक गाडी आठवड्यात मिळते आणि दुसरी सहा महिने येत नाही. माझंच सांगतो. मी मोठी बॅटरी आणि राखाडी रंग सांगितला होता. तिसऱ्या महिन्यात शोरूममधल्या मुलाने विचारलं, ‘सर, पांढरी, छोट्या बॅटरीवाली घेता का? परवा देतो.’ तेव्हा मलाही वाटलं, म्हणजे गाड्या आहेत आणि मला टांगून ठेवलंय. पण कारखान्यात गाड्या एकेक मागणीनुसार निघत नाहीत, एकसारख्या व्हेरिएंटच्या तुकड्या लागतात. ज्याला जास्त गिऱ्हाईक त्याच्या तुकड्या वरचेवर निघतात. आपली निवड जितकी आडवळणाची, तितकी पाळी उशिरा. यात लबाडी नाही, फक्त कंटाळा आहे.

आता दुसरा मुद्दा, ‘असतं काय त्यात’. हलते भाग कमी, हे बरोबर. पण तेवढ्यावरून बनवायला सोपी असं ठरवणं म्हणजे घड्याळाला दोनच काटे असतात म्हणून घड्याळजीला हसण्यासारखं आहे.

बॅटरीच्या सेलचंच घ्या. पातळ धातूच्या पट्ट्यांवर लेप देऊन, त्या गुंडाळून किंवा एकावर एक रचून, अतिशय कोरड्या हवेच्या खोलीत सेल बंद होतो. आत द्रावण भरलं की ते थरांमध्ये मुरायला वेळ द्यावा लागतो. मग येतो पहिला चार्ज, अगदी सावकाश. या पहिल्या चार्जमध्ये ऋण बाजूच्या पट्टीवर एक अतिसूक्ष्म थर धरतो. तो नीट धरला तर सेल वर्षानुवर्षं चालतो, घाईत धरला तर आयुष्यभराची खोट. त्यानंतर सेल मांडणीवर नुसते ठेवून देतात. काही दिवसांनी व्होल्टेज पुन्हा मोजतात. ज्याचं जास्त उतरलं त्याच्या आत कुठेतरी सूक्ष्म गळती आहे, तो बाद. ही सगळी पायरी दोन-तीन आठवडेही खाऊ शकते, आणि पैसे ओतून ती फारशी आवरत नाही. लोणचं मुरण्यासारखंच आहे, बरणी हलवून लवकर मुरत नाही.

इथे चूक झाली की काय होतं ते जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीने दाखवलं. काही सेलमध्ये एकाच वेळी दोन दोष निघाले, फाटलेली जोडपट्टी आणि दोन बाजूंच्या पट्ट्यांमधला दुमडलेला पडदा. गाड्यांना आगी लागल्या. २०२१मध्ये जनरल मोटर्सने तोवर बनलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४१ हजार बोल्ट परत बोलावल्या आणि नवी गाडी बनवणं जवळपास आठ महिने थांबवलं, कारण येतील ते चांगले सेल आधी जुन्या गिऱ्हाइकांना द्यायचे होते. त्या काळात बोल्टची वाट पाहणाऱ्याला ‘मुद्दाम’ थांबवलं होतं, हे खरं. पण अशा मुद्दामला मी तरी हात जोडीन. फोर्डनेही फेब्रुवारी २०२३मध्ये असंच केलं. डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या आवारात एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकपैकी एकाच्या बॅटरीने पेट घेतला आणि उत्पादन महिनाभराहून जास्त बंद राहिलं.

सेल झाले, आता वायरिंग. गाडीभर पसरलेला वायरींचा जुडगा अजूनही मुख्यतः हातानेच बांधला जातो आणि प्रत्येक व्हेरिएंटचा वेगळा असतो, त्यामुळे त्याचा साठा करून ठेवता येत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तिथले जुडग्यांचे कारखाने थांबले आणि फोक्सवागनला जर्मनीतला त्स्विकाऊचा कारखाना बंद ठेवावा लागला. तो कारखाना फक्त इलेक्ट्रिक गाड्यांचा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाग वेळेत पोचेनात आणि टेस्लाच्या बर्लिनजवळच्या कारखान्यात २०२४मध्ये २९ जानेवारीपासून ११ फेब्रुवारीपर्यंत बहुतेक काम थांबलं. तयार गाडीचंही तेच. ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला फेब्रुवारी २०२२मध्ये अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि दोन आठवड्यांत ते फोक्सवागन समूहाच्या जवळपास चार हजार गाड्या घेऊन बुडालं. त्यातल्या कुणाकुणाला ‘तुमची गाडी निघाली’ असा निरोप गेला असेल, याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

‘महिने कशाला’चं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टेस्लाचं मॉडेल ३. ३१ मार्च २०१६ला गाडी दाखवली, आठवड्यात सव्वातीन लाख बुकिंग. पहिल्या ३० गाड्या दिल्या जुलै २०१७मध्ये. त्या तिमाहीत दीड हजार बनवणार होते, बनल्या २६०. आठवड्याला पाच हजारांचा आकडा गाठायला २०१८चा जून संपला, तोही कारखान्याच्या आवारात भलामोठा तंबू ठोकून त्यात जुळणी करून. यंत्रमानवांचा अतिरेक ही चूक होती, हे टेस्लाच्या इलॉन मस्कने स्वतः कबूल केलं. मागणी फुगवण्यासाठी कुणी स्वतःची एवढी शोभा करून घेत नाही.

तिसरा मुद्दा बॅटरी मरण्याचा. याची भीती मलाही होती, म्हणून जरा वाचलं. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी झिजते. ही झीज वाढवणारे दोघे: भरगच्च चार्ज आणि उष्णता. मध्यम चार्जवर, फार तापू न देता ठेवलेल्या बॅटरीला चार-सहा महिने म्हणजे काहीच नाही. शिवाय गाड्या पाठवताना अर्धवट चार्जवर आणि बऱ्याचदा ट्रान्सपोर्ट मोडमध्ये ठेवतात, म्हणजे आतली अनावश्यक यंत्रणा झोपलेली असते. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची, ७० टक्के क्षमतेची हमी देतात. उभी राहूनच मरणाऱ्या वस्तूला कुणी अशी हमी देत नाही.

यार्डात खरोखर मरते ती दुसरीच, छोटी १२ व्होल्टची. माझी गाडी आली त्या दिवशीची गोष्ट. सगळे हौसेने जमलो, मी दाराच्या हँडलवर बोट ठेवलं, आणि काही नाही. गाडी ढिम्म. मोठी बॅटरी ४१ टक्के भरलेली होती हे नंतर कळलं, पण दारं, स्क्रीन, मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच, सगळं त्या छोटीच्या जिवावर. शोरूममधला मुलगा पळत जाऊन जंप पॅक (उतरलेल्या बॅटरीला झटका देणारी छोटी बॅटरी) घेऊन आला आणि पुढच्या मिनिटाला गाडी जागी झाली. छोटी बॅटरी त्यांच्याकडूनच बदलून घेतली. मेव्हण्याने हे पाहिलं असतं तर मेसेजला सहावा मुद्दा जोडला असता.

गाडी किती काळ उभी होती याचा अंदाज हवा असेल तर खाली वाकून टायर बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२४ म्हणजे २०२४चा चौदावा आठवडा. टायर गाडीच्या आधीच बनलेला असतो, त्यामुळे गाडी यापेक्षा जुनी नसते. मग कागदांवरचा उत्पादनाचा महिना त्याच्याशी ताडून घ्या. चेसिस नंबरचं दहावं अक्षर बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या वर्षासाठी वापरतात, तेही बघा. हे सही करण्याआधी, फोटो काढण्याआधी.

चौथा मुद्दा, बुकिंगचे पैसे. हाच तो अर्धा खरा. व्याजाची बाजू पोकळ आहे: किमतीच्या दोन टक्के रक्कम, सहा महिने, वर्षाला सात टक्के दराने धरली तर व्याज होतं किमतीच्या ०.०७ टक्के. एवढ्यासाठी कुणी कट रचत नाही. धोका व्याजात नाही, मुद्दलात आणि शब्दात आहे. टेस्लाने रोडस्टर ही नवी स्पोर्ट्स कार नोव्हेंबर २०१७मध्ये दाखवली, ५० हजार डॉलर आगाऊ घेतले, २०२०ची तारीख दिली, आणि २०२०ने येऊन काही उपयोग झाला नाही. टेस्लाचाच सायबरट्रक हा पिकअप १०० डॉलरवर बुक होत होता. २०१९मध्ये सुरुवातीची किंमत सांगितली होती ३९,९०० डॉलर, ट्रक आला २०२३च्या नोव्हेंबरअखेर, आणि तोवर ती ६०,९९० झाली होती. रिव्हियन या अमेरिकी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने मार्च २०२२मध्ये आधी बुक केलेल्यांनाही किंमत वाढवून सांगितली. इतकी ओरड झाली की दोन दिवसांत माफी मागून निर्णय फिरवला. तशाच फिस्कर कंपनीने तर जून २०२४मध्ये दिवाळखोरीच जाहीर केली.

म्हणून बुकिंग आणि ऑर्डर यातला फरक ओळखा. बुकिंग म्हणजे रांगेतला नंबर, त्यात किंमत बहुधा पक्की नसते. ऑर्डरवर व्हेरिएंट, किंमत, रद्द केल्यास किती कापणार आणि किती दिवसांत परत देणार, हे लेखी असलं पाहिजे. शोरूममधला मुलगा तोंडी जे सांगतो ते त्याच दिवशी त्याच्याकडून मेलवर मागा. आणि जी गाडी अजून कुणाच्याच हातात पडलेली नाही तिच्यासाठी मोठी रक्कम देऊ नका. मेसेजने एवढंच लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवला असता.

पाचवा मुद्दा लवकर उरकतो. टोयोटाने २०१७मध्ये सॉलिड स्टेट बॅटरी २०२०च्या दशकाच्या सुरुवातीला आणू म्हटलं होतं, नंतर तारीख २०२७-२८वर गेली. तिच्या भरवशावर थांबलेल्यांनी बरीच वर्षं थांबून पाहिलं आहे. किमतीचं म्हणाल तर बॅटरी पॅकचा सरासरी दर दरवर्षी पडत होता, तो ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२२मध्ये पहिल्यांदाच वाढून किलोवॉट-तासाला १५१ डॉलर झाला, आणि २०२४मध्ये ११५वर आला. खाली जातो, पण सरळ रेषेत नाही. आणि गंमत अशी की जानेवारी २०२३मध्ये टेस्लाने किमती उतरवल्या तेव्हा चीनमध्ये शोरूमवर चालून गेले ते नुकतीच डिलिव्हरी घेतलेले लोक. ज्यांची गाडी यायची होती त्यांना ओरडायचं कारणच नव्हतं.

मला एकच गोष्ट खुपते, आणि ती नेमकी या मेसेजमध्ये नाही. माझी गाडी साडेसात महिन्यांनी आली आणि दोनच महिन्यांनी त्याच मॉडेलला थंड हवेच्या सीट आल्या, त्याच किमतीत. शोरूममधल्या मुलाला हे आधी माहीत होतं का, असं विचारलं तर तो नुसता हसला.